शनिवारी पाणी येणार नाही

नाशिकच्या वर्तमानपत्रांत दर काही आठवड्यांनी एक छोटी बातमी येते. मजकूर वाचकांना जवळपास पाठ असतो: शनिवारी संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद, रविवारी सकाळी पाणी कमी दाबाने, नागरिकांनी सहकार्य करावे. शुक्रवारी रात्री सिडकोतल्या छोट्या घरांपासून गंगापूर रोडच्या सोसायट्यांपर्यंत पिंपं, हंडे, बादल्या भरल्या जातात. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींची तंबी येते आणि सोमवार उजाडेपर्यंत सगळे ती बातमी विसरूनही जातात. अडचण टळली की बातमीचं काम संपलं, असाच आपला हिशेब असतो.

खरं तर महापालिका कशी चालते हे समजून घ्यायला याहून चांगला मजकूर शोधून सापडणार नाही. नळ चालू असतो तोवर त्यामागचं धरण, वीजवाहिनी, पंप आणि माणसं आपल्याला दिसत नाहीत. काही थांबणार असतं तेव्हाच त्यांची नावं छापून येतात. या प्रकरणात आपण नाशिक शहराच्या अशा सूचना वाचणार आहोत. पाण्याची सूचना छापून येते, कचऱ्याची कानाने ऐकायची असते आणि पुराची तर नदीपात्रात उभ्या असलेल्या मूर्तीकडे बघून समजते.

बंद कुणी केलं?

नाशिक गोदाकाठी वसलेलं असलं तरी नळाचं पाणी गोदाघाटावरच्या रामकुंडापाशी उचललेलं नसतं. मुख्य साठा शहराच्या पश्चिमेला, गंगापूरच्या मातीच्या धरणात आहे. तिथल्या पंपिंग स्टेशनमधून कच्चं पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून बाराबंगला, शिवाजीनगर, पंचवटी, निलगिरी बाग अशा जलशुद्धीकरण केंद्रांत येतं. तिथे तुरटीसारखं रसायन मिसळून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात, क्लोरिन देतात. मग ते पाणी जलकुंभांत चढवलं जातं आणि तिथून उतारानं वस्त्यांत जातं.

या प्रवासाची सुरुवात विजेवर अवलंबून आहे. धरणावरच्या पंपांना महावितरणच्या ३३ केव्ही एक्स्प्रेस फीडरवरून वीज मिळते. एक्स्प्रेस फीडर म्हणजे उपकेंद्रापासून थेट पंपापर्यंत आलेली, मध्ये इतर ग्राहक न जोडलेली वाहिनी. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला तरी पंप चालू राहावेत म्हणून ही सोय असते. पण त्याच वाहिनीची किंवा उपकेंद्राची देखभाल करायची झाली, तर पंप थांबवण्यावाचून इलाज नसतो. म्हणजे पाणी बंद असल्याचं निवेदन महापालिका काढते, मात्र पुष्कळदा तारीख ठरते वीज कंपनीच्या कामावरून. मग पाणीपुरवठा विभागही आपली साठलेली कामं त्याच दिवसावर टाकतो. कुठे गळती बुजवायची असते, कुठे व्हॉल्व्ह बदलायचा असतो, कुठे नवी जलवाहिनी जुनीला जोडायची असते. विभागाच्या भाषेत हा सगळा ‘शटडाउन’. पाच कामांसाठी पाच वेळा शहर कोरडं ठेवण्यापेक्षा एका शनिवारी ती उरकणं शहाणपणाचं असतं.

काम शनिवारी संध्याकाळी संपलं तरी रविवारी पाणी पुरेसं का येत नाही, हा प्रश्न दर वेळी विचारला जातो. पंप सुरू झाल्यावर पहिलं पाणी रिकाम्या जलवाहिन्या भरण्यात जातं. वाहिन्यांत अडकलेली हवा बाहेर काढावी लागते. शुद्धीकरण केंद्रातल्या टाक्यांना आपला वेग असतो. पाणी निवळायला आणि गाळायला लागणारा वेळ घाईनं कमी होत नाही. त्यानंतर जलकुंभ भरायचे. ते पुरते भरण्याआधीच सकाळची वेळ होते आणि अख्ख्या वस्तीचे नळ एकदम उघडतात. वाहिनीतून एकाच वेळी जितकं जास्त पाणी ओढलं जातं, तितका दाब पाइपच्या घर्षणात खर्च होतो. पंगतीत वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोचेतो भांडं रिकामं व्हावं, तसं वाहिनीच्या शेवटच्या टोकाला आणि उंचावर असलेल्या घरांचं होतं. जलकुंभाशेजारच्या घराला रविवार नेहमीसारखाच वाटतो, टोकाच्या घरात मात्र तो दुसरा शनिवार ठरतो.

या दोन घरांमधला न्याय बऱ्याच अंशी एका माणसाच्या हातात असतो. तो म्हणजे व्हॉल्व्हमन. कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह किती वाजता आणि किती फेरे उघडायचा, हे त्याला सवयीनं ठाऊक असतं. तो रजेवर गेला की नव्या माणसाकडून वेळा चुकतात आणि तक्रारी सुरू होतात. निवेदनाखाली कार्यकारी अभियंत्याचं नाव असतं, व्हॉल्व्हमनचं कुठेच नसतं. तरी घराघरांत ‘पाणी कधी येणार’ हे विचारायला लोक त्यालाच गाठतात.

तुमचं पाणी कुठलं?

‘संपूर्ण शहर’ या शब्दांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आजचं नाशिक एका नगरपालिकेतून वाढलेलं नाही. नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली या नगरपालिका व आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. आज तिचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक म्हणजे जुन्या बोलीत सिडको, सातपूर आणि नाशिकरोड. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती.

पाण्याचे स्रोतही एकाहून अधिक आहेत. गंगापूर सर्वांत मोठा. नाशिकरोडसाठी चेहेडी येथून दारणा नदीचं पाणी उचललं जातं. त्यामागचं दारणा धरण ब्रिटिश काळातलं, १९१६ चं. वाढत्या शहरासाठी नंतर मुकणे धरणातून थेट जलवाहिनी टाकून विल्होळीला नवं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. त्यामुळे एखाद्या शनिवारी सातपूर कोरडं असतं तेव्हा दुसऱ्या स्रोतावरच्या वस्तीत नळ चालू असू शकतो. उलट उन्हाळ्यात वालदेवी नदीतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे चेहेडीचं पाणी उचलणं थांबवावं लागलं, की नाशिकरोडचा भारही गंगापूरवर येतो. आपल्या घराला कोणत्या जलकुंभातून आणि कोणत्या धरणातून पाणी येतं हे ज्याला माहीत आहे, त्याला निवेदनातली निम्मी नावं ओळखीची वाटतात. बहुतेकांना आपल्या इंटरनेटचा वेग माहीत असतो, जलकुंभाचं नाव माहीत नसतं.

याच जिल्ह्यात पाण्याच्या सूचनेचा अर्थ जिथे नेमका उलटा असायचा, असं एक गाव आहे. मनमाड हे मोठं रेल्वे जंक्शन. पालखेड कालव्याच्या आवर्तनातून, म्हणजे पाळीनं सोडलेल्या पाण्यातून, भरणाऱ्या वागदर्डी धरणावर ते वर्षानुवर्षं अवलंबून राहिलं. टंचाईच्या काळात तिथे पंधरा-पंधरा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा पाणी येत असे. नाशिकचं निवेदन पाणी कधी येणार नाही ते सांगतं, मनमाडकर मात्र पाणी कधी येणार या बातमीची वाट बघत. त्या दिवशी घरातलं कुणीतरी कामावर जायचं नाही, पाहुणा बोलवायचा नाही, लग्नकार्य त्या हिशेबानं ठरवायचं. करंजवण धरणातून मनमाडसाठी थेट जलवाहिनीची योजना आखली गेली ती याच त्रासातून. एक दिवस पाणी बंद राहणं ही बातमी होते, कारण बाकीचे दिवस ते येतं. पाण्याच्या बाबतीत एखादं शहर किती सुस्थितीत आहे, याची ही एक साधी कसोटी आहे.

१५ ऑक्टोबरचा हिशेब

शनिवारच्या निवेदनापेक्षा मोठा निर्णय वर्षातून एकदा होतो आणि त्याची बातमी फार कमी लोक वाचतात. पावसाळा संपला की १५ ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून पाण्याचं आरक्षण ठरतं: पिण्याला किती, उद्योगाला किती, शेतीच्या आवर्तनांना किती. धरणं जलसंपदा विभागाची आहेत. महापालिका तिथली ग्राहक आहे, तीही मागणी नोंदवून आणि पाणीपट्टी भरून. पुढच्या ३१ जुलैपर्यंत पुरेल या बेतानं तिला पाणी मिळतं.

या बातमीतला ‘दशलक्ष घनफूट’ हा शब्द वाचकाला अडवतो. एक दशलक्ष घनफूट म्हणजे साधारण २ कोटी ८३ लाख लिटर. असे हजार दशलक्ष घनफूट मिळून एक टीएमसी होतो. नाशिक शहर दिवसाला ढोबळमानानं वीस दशलक्ष घनफूट पाणी उचलतं, म्हणजे सुमारे ५६ कोटी लिटर. एवढं लक्षात ठेवलं की धरणातला कोणताही आकडा दिवसांत बदलता येतो.

याच सुमारास दुसरी एक चर्चा तापते. गोदावरी नाशिकमधून पुढे मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला जाते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. २०२३ मध्ये तसंच झालं. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात गंगापूर धरणसमूहाचा वाटा अर्धा टीएमसी होता, म्हणजे शहराच्या सुमारे पंचवीस दिवसांच्या पाण्याइतका. नाशिकला तो अन्याय वाटतो, मराठवाड्याला ते हक्काचं पाणी वाटतं. दोघांचीही तहान खरी आहे. पण मार्चमध्ये अचानक ‘आठवड्यातून एक दिवस पाणीकपात’ अशी बातमी येते, तेव्हा तिचं मूळ ऑक्टोबरातल्या त्या बैठकीत असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं, त्याची चिन्हंही आदल्या पावसाळ्यातच दिसू लागली होती.

वाजत येणारी सूचना

पाण्याची सूचना वाचावी लागते, कचऱ्याची मात्र ऐकू येते. घरोघरी जाऊन कचरा गोळा करणारी घंटागाडी नाशिकमध्ये १९९० च्या दशकापासून फिरते आहे. आज राज्यातल्या लहानमोठ्या शहरांत हा शब्द रूढ आहे. घंटा असो की ध्वनिक्षेपकावरचं गाणं, काम एकच: गाडी गल्लीत आली आहे, डबा घेऊन खाली या. ही सूचना निरक्षराला कळते, फोन नसलेल्या आजींना कळते आणि लहान मुलालाही कळते. तिला तारीख, वार, प्रभाग क्रमांक काही लागत नाही.

हीच तिची ताकद आणि हीच तिची मर्यादा. गाडी आली तर घंटा वाजते, गाडी येणार नसेल तर शांतता असते. शांतता म्हणजे गाडी उशिरा येणार की आज येणारच नाही, हे घरातल्या माणसाला कळत नाही. दोन दिवस वाट पाहून पिशवी कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत जाते आणि तिथे नवा उकिरडा तयार होतो. घंटागाड्यांवर जीपीएस बसवलं गेलं ते ठेकेदारानं ठरलेल्या मार्गानं गाडी फिरवली की नाही हे पालिकेला कळावं म्हणून. त्याच माहितीतून रहिवाशालाही ‘आज गाडी येणार नाही’ एवढं सांगता येतं. पालिकेच्या कामात असं वारंवार घडतं. देखरेखीसाठी गोळा केलेली माहिती रहिवाशाच्या उपयोगाची असते, पण त्याच्यापर्यंत पोचवायचं कुणी मनावर घेत नाही.

घरातून गेलेला कचरा पाथर्डी शिवारातल्या खतप्रकल्पावर जातो. २०१७ मध्ये जर्मन सहकार्यानं नाशिकमध्ये एक वेगळा प्रकल्पही सुरू झाला. हॉटेलांमधलं उरलंसुरलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवून त्याच्या वायूपासून वीज करायची, रोज ३० टन क्षमतेनं. असा प्रकल्प चालायला ओला कचरा ओलाच यावा लागतो. त्यात प्लास्टिक आणि काचा आल्या की यंत्र अडतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली ती याच कारणानं. गाडीवर लिहिलेलं ‘ओला’ आणि ‘सुका’ हेही एक निवेदनच आहे, फक्त ते उलट दिशेनं जातं: आपण पालिकेला काय देतो आहोत, हे सांगणारं.

दुतोंड्या मारुती काय म्हणतो?

नाशिकची सगळ्यांत चांगली सार्वजनिक सूचना महापालिकेनं दिलेलीच नाही. गोदाघाटावर, नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पाऊस लागला की शहरभर एकच प्रश्न विचारला जातो, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्यापर्यंत आलं म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलल्या. कमरेला लागलं की भांडी बाजार आणि काठावरचे दुकानदार माल वर चढवायला लागतात. छातीच्या वर गेलं की जुन्या नाशिकला पूर आला. ४ ऑगस्ट २०१९ रोजी मूर्ती पाण्याखाली गेली, तेव्हा वेगळी घोषणा करायची गरज कुणाला वाटली नाही. पलीकडे नारोशंकराच्या मंदिराची मोठी घंटाही अशीच पुराची खूण मानली जाते.

दुसरीकडे जलसंपदा विभागाचं निवेदन असतं: गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग, शहरातल्या होळकर पुलाखाली इतके. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. आकडा अचूक असतो, तरी भांडी बाजारातल्या दुकानदाराला त्यातून माल उचलायचा की नाही हे समजत नाही. मारुतीची मूर्ती ते थेट सांगते, कारण तिचं माप त्याच्या दुकानाच्या पायरीशी जोडलेलं आहे.

मात्र मारुती पाणी आल्यावर बोलतो, विसर्गाचं निवेदन पाणी येण्याआधी. धरणाचे दरवाजे उघडल्यावर लोंढा शहरात पोचायला काही वेळ लागतो आणि तेवढीच उसंत हातात असते. धरण पूर्ण भरलेलं नसतानाही पाणी का सोडतात, असा रागाचा प्रश्न दर वर्षी येतो. पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरणात किती साठा ठेवायचा याची परिचलन सूची ठरलेली असते. पुढच्या पावसासाठी धरणात जागा राखली नाही, तर एकदम मोठा विसर्ग करावा लागतो. शिवाय नदीतलं सगळं पाणी धरणातलं नसतं. धरणाखालचे नाले आणि शहरात पडलेला पाऊसही तिला येऊन मिळतो. सराफ बाजार आणि दहीपुलाजवळ पाणी तुंबतं ते बहुधा सरस्वती नाल्याचं, त्याचा गंगापूरच्या दरवाजांशी संबंध नसतो. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नाशिकमध्ये पूररेषांचा विषय ऐरणीवर आला. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. घर घेताना ही रेषा नकाशावर पाहिली नाही, तर पुढे मारुतीकडे पाहावं लागतं.

सूचना हीदेखील सेवा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची मोठी यादी आहे: पाणी, गटारं, सफाई, दिवे, रस्ते, अग्निशमन, जन्ममृत्यूची नोंद. वेळेवर आणि समजेल असं कळवणं, हे त्या यादीत ठळकपणे दिसत नाही. ती उणीव माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानं २००५ मध्ये काही अंशी भरून काढली. त्याच्या चौथ्या कलमानुसार लोकांना अर्ज करावाच लागू नये इतकी माहिती कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखले आणि परवान्यांना मुदत घातली. मुदत टळली तर अपील करता येतं.

साधनं बदलत गेली. दवंडीची जागा फळ्यावरच्या नोटिशीनं घेतली, तिची वर्तमानपत्रानं, मग मोबाइलनं. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना नाशिकमध्ये ‘एनएमसी ई-कनेक्ट’ या ॲपवर तक्रारींचा माग ठेवणं सुरू झालं आणि ‘वॉक विथ कमिशनर’ या उपक्रमात लोक थेट आयुक्तांपुढे उभे राहिले. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा धावू लागली आणि रहिवाशाला पालिकेकडून मिनिटांच्या हिशेबात माहिती मिळण्याची सवय लागली. बस किती वाजता येणार हे कळतं, मग पाणी किती वाजता येणार हे का कळू नये, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे.

सूचनेत वेळ लिहिली की ती वचन बनते. ‘रविवारी सकाळी कमी दाबाने’ या शब्दांची जबाबदारी कुणावरच येत नाही. त्याऐवजी ‘अमुक जलकुंभावरच्या भागांत रविवारी दुपारी चारपर्यंत पुरवठा पूर्ववत’ असं लिहिलं, तर चार वाजून गेल्यावर विचारता येतं. अभियंत्यांना अशा वाक्याची भीती वाटते आणि ती अकारण नाही. जोडणीचं काम कधीही लांबू शकतं. पण लांबलं तर पुन्हा कळवावं एवढंच लोकांचं म्हणणं असतं. कळवल्यानंतरच्या उशिरावर कुणी फार चिडत नाही. लोक चिडतात ते काहीच न कळवता झालेल्या उशिरावर.

या सगळ्याची मोठी परीक्षा सिंहस्थ कुंभमेळ्यात होते. नाशिकचा कुंभ भर पावसाळ्यात येतो आणि येणाऱ्या अनेकांना मराठी वाचता येत नाही, दुतोंड्या मारुती ठाऊक नसतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक दगावले. पुढे काय चाललं आहे हे मागच्या गर्दीला कळत नसेल तर काय होतं, ते नाशिकनं त्या दिवशी पाहिलं. २०१५ च्या सिंहस्थात नदीच्या खालच्या अंगाला नवे घाट बांधले गेले, येण्याचे आणि परतीचे मार्ग वेगळे ठेवले गेले. आता जाहीर वेळापत्रकाप्रमाणे पुढच्या सिंहस्थाचं पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. २०१६ साली याच तारखेला गोदावरीला पूर होता. धरणाचे दरवाजे जलसंपदा विभागाच्या हाती, गर्दी पोलिसांच्या हाती, घाट आणि रस्ते महापालिकेच्या हाती. त्या दिवशी पाऊस असला तर या तिघांना रामकुंडावर उभ्या असलेल्या, भाषा न कळणाऱ्या माणसाला एकाच क्षणी एकच गोष्ट सांगावी लागेल: थांबायचं की मागे वळायचं. तीन कार्यालयांची तीन निवेदनं तिथे पुरणार नाहीत.